फोटोचा सातबारा

जुलैतल्या रविवारी मुळशीतलं पौड ओलांडलं की गाड्यांची रांग सुरू होते. ताम्हिणी घाटाच्या वळणावळणावर माणसं एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कॅमेरा सावरत उभी असतात. पाऊसही इथला साधासुधा नव्हे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. असल्या पावसात कॅमेऱ्याचं झाकण उघडून ओल्या बोटांनी कार्ड बदलायचं, बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकत असताना ‘अजून एकच’ म्हणत धबधब्याकडे वळायचं, आणि रात्री घरी लॅपटॉपसमोर बसल्यावर त्याची किंमत मोजायची, हा दर पावसाळ्यात घडणारा प्रकार आहे.

एका फोटोत वरती धबधबा आणि खाली सपाट राखाडी पडदा. दुसऱ्यात अर्ध्यापर्यंत हिरवागार डोंगर, पुढे तोच डोंगर जांभळा होऊन बाजूला सरकलेला. तिसरा उघडतच नाही, पण त्याचं छोटं चित्र मात्र यादीत स्वच्छ दिसतं. आणि मधूनच पडद्यावर चौकट येते: कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करा.

‘करप्ट झाले’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण हा शब्द ‘ताप आला’ म्हणण्यासारखा आहे. मलेरिया की टायफॉइड, ते त्यातून कळत नाही. गंमत अशी, की फोटोच्या बाबतीत निदानासाठी वेगळी तपासणी सहसा लागत नाही. चित्र कसं मोडलंय, यावरूनच दोष कुठे आहे ते बरंचसं ओळखता येतं.

त्यासाठी आधी कार्डाच्या पोटात शिरायला हवं, आणि जमिनीच्या व्यवहारांत मुरलेल्या मुळशीत त्याला सातबाऱ्याइतकं सोयीचं उदाहरण नाही. कार्डात दोन गोष्टी असतात: जमीन आणि जमिनीचं दप्तर. जमीन म्हणजे सारख्या मापाचे लाखो छोटे तुकडे. एक फोटो अशा शेकडो तुकड्यांत मावतो. ते तुकडे सलगच असतील असं नाही. एका खातेदाराची शेती तीन गटांत विखुरलेली असावी, तसा एक फोटोही विखुरलेला असू शकतो. कुठला फोटो कुठल्या तुकड्यापासून सुरू होतो आणि पुढे कुठे जातो, हे दप्तरात लिहिलेलं असतं. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांत हे दप्तर बहुधा ‘फॅट ३२’ पद्धतीचं असतं, त्याहून मोठ्या कार्डांत ‘एक्सफॅट’ पद्धतीचं.

आता फोटो डिलीट केला की काय होतं? दप्तरातली नोंद खोडली जाते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत जागचं हलत नाही, तसा फोटोही होता तिथेच राहतो. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट म्हणजे सहसा दप्तर कोरं करणं. जमिनीला तेव्हा हात लागत नाही. ‘फॉरमॅट करा’ ही चौकट आली, तर पुष्कळदा फक्त दप्तर भिजलेलं असतं. शेत खरंच जातं ते त्यावर कुणी नवं बांधकाम केलं तर, म्हणजे त्याच कार्डावर नवे फोटो काढले तर.

म्हणून पहिला उपचार म्हणजे हात आवरणं. कार्ड बाहेर काढायचं, एसडी कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी खाली सरकवायची आणि लॅपटॉप ‘दुरुस्त करू का?’ असं आपुलकीने विचारत असला तरी नाही म्हणायचं. ती दुरुस्ती दप्तर सुसंगत करण्यासाठी असते, फोटो वाचवण्यासाठी नव्हे. न जुळणाऱ्या नोंदी ती बेधडक छाटून टाकते.

हाच धडा नासाने मंगळावर गिरवला होता. ४ जानेवारी २००४ रोजी उतरलेली ‘स्पिरिट’ ही गाडी २१ जानेवारीला अचानक गप्प झाली. तिच्या २५६ एमबीच्या फ्लॅश मेमरीत फाइलींची एवढी गर्दी झाली होती, की चालू होताना त्यांचं दप्तर वाचतानाच संगणक कोलमडे आणि पुन्हा सुरू होई. अभियंत्यांनी तिला फ्लॅशला हातही न लावता सुरू होण्याची आज्ञा दिली. ती शुद्धीवर आल्यावर मेमरी तपासली, नको त्या फाइली काढल्या, आणि फॉरमॅट केलं ते अगदी शेवटी. आपण घरी नेमका उलटा क्रम लावतो.

दप्तराचं हे झालं. पण डोंगर जांभळा का होतो, याचं उत्तर दप्तरात सापडत नाही. ते जेपेग या फाइल-प्रकाराच्या घडणीत आहे.

चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग जसेच्या तसे लिहिले, तर एका फोटोला ७२ एमबी लागतील. कार्डावरची जेपेग फाइल मात्र साधारण दहा एमबीच्या आसपास असते. ही किमया ज्या गणितावर उभी आहे, ते बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना सुचवलं. १९७२ मध्ये त्यासाठी त्यांनी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये जेपेगचं मानक त्याच पायावर आलं.

जेपेग फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. आपल्या उदाहरणात नुसत्या उजेडाचेच ३,७५,००० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनासाठी आधी सरासरी उजेड लिहिला जातो, मग त्यातले चढउतार. जे बारकावे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, त्यांची नोंद ढोबळ होते किंवा गाळलीच जाते. इथेच एक काटकसर नडते. सरासरी पूर्ण लिहिली जात नाही. ‘मागच्या चौकोनापेक्षा इतकी जास्त’ किंवा ‘इतकी कमी’ एवढंच लिहिलं जातं. दुकानदाराने वहीत रोजची शिल्लक न मांडता फक्त कालपासूनचा फरक मांडावा, तसं. मंगळवारचा एक आकडा चुकला, की पुढचा सगळा आठवडा चुकतो. रंगांचा हिशेबही याच पद्धतीचा, म्हणून एका चौकोनातली गफलत पुढच्या सगळ्या डोंगराला जांभळा करून जाते.

चित्र सरकतं त्याचं कारण लिपीत आहे. हे आकडे डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने लिहितात: वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. दोन खुणांमध्ये मोकळी जागा नसते. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. शब्द न तोडता सलग लिहिलेल्या ओळीत एक अक्षर चुकीचं लागलं, की पुढचे शब्द भलत्याच ठिकाणी तुटतात. कोट्यवधी बिटांतला एक उलटला तरी वाचणारा वाट चुकतो आणि पुन्हा वाटेवर येईपर्यंत चौकोन मागेपुढे होऊन बसतात.

आता रात्रीच्या त्या फोटोंकडे परत जाता येईल. खालचा भाग राखाडी असेल, तर फाइल अर्धवट आहे. जेपेग वरून खाली वाचला जातो आणि मजकूर संपला तिथे चित्र संपलं. रंग बदलून चित्र सरकलं असेल, तर मध्ये काही बिट बिघडलेत. वर धबधबा आणि खाली भलत्याच फोटोतली माणसं असतील, तर जमिनीच्या तुकड्यांची साखळी दप्तरात चुकली आहे. छोटं चित्र दिसतं पण मोठं उघडत नाही, कारण कॅमेरा १६० गुणिले १२० ठिपक्यांचं छोटं चित्र फाइलच्या सुरुवातीलाच वेगळं ठेवतो; तेवढा भाग वाचलाय. फाइल शून्य बाइटची असेल, तर नोंद झाली पण पेरणीच झाली नाही. फोटो काढल्यावर तो आधी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत जातो, मग कार्डावर. कार्डावर लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा लुकलुकत असतानाच बॅटरी संपली किंवा झाकण उघडलं, तर असं घडतं.

आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच ठिपका असेल, तर कार्ड निर्दोष आहे. तिथे सेन्सर किंवा भिंगाकडे बघायला हवं.

निदान झालं की सर्वांत स्वस्त उपाय आधी. कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घालून फोटो पुन्हा कॉपी करायचे. दोष कार्डावर नसून कॉपी होताना, सैल रीडरमुळे किंवा खराब केबलमुळे आलेला असू शकतो. मूळ फोटो ठणठणीत निघतो. ते जमलं नाही, तर संपूर्ण कार्डाची बिट न् बिट नक्कल संगणकावर उतरवायची आणि पुढची खटपट नकलेवर करायची.

दप्तर गेलेल्या कार्डासाठी ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. ते दप्तराकडे बघतच नाही. कागद हरवल्यावर मोजणीदाराने थेट शिवारात उतरून बांध शोधावेत, तसं ते कार्डाच्या पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत चालत जातं. प्रत्येक जेपेगच्या सुरुवातीला ‘एफएफ डी८’ ही खूण असते आणि शेवटी ‘एफएफ डी९’. पहिला बांध दिसला की फोटो सुरू, दुसरा दिसला की संपला. सलग शेतं त्याला नेमकी सापडतात. विखुरलेल्या तुकड्यांपुढे तेही थकतं. सापडलेले फोटो मात्र दुसऱ्या डिस्कवरच उतरवायचे, त्याच कार्डावर नव्हे. रॉ फाइल बिघडली असेल, तरी तिच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला जेपेग असतो. ‘एक्झिफटूल’सारख्या साधनाने तो पुष्कळदा बाहेर निघतो.

जे लिहिलंच गेलं नाही, ते कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. राखाडी भागात हल्ली एआय धबधबा भरून देतं. पण तो ताम्हिणीचा नसतो.

कार्डालाही वय असतं. त्यातली फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात घडवली. साठवलेलं एका फटक्यात पुसलं जाताना त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. प्रत्येक पेशीत थोडे इलेक्ट्रॉन कोंडून माहिती ठेवली जाते, आणि दर पुसण्या-लिहिण्याबरोबर कोंडवाड्याची भिंत किंचित झिजते. बनावट कार्डांचं दुखणं निराळं: आत ८ जीबी जमीन आणि दप्तरात १२८ जीबी दाखवलेली. हद्द संपली की पुढचे फोटो हवेत जातात. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ ही मोफत साधनं कार्ड पूर्ण भरून, परत वाचून ही लबाडी पकडतात.

ताम्हिणीत जाणाऱ्यांसाठी धोका पावसाइतकाच गाडीतल्या एसीचाही आहे. थंड झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की भिंगावर आणि आतही दव धरतं. तो बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. घरी आल्यावर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरण्याचा घरगुती उपाय टाळावा. तांदळाची भुकटी फटींत शिरते, आणि मुळशीचा आंबेमोहोर पातेल्यातच शोभतो.

फोटोरेकचं काम संपलं की एक फोल्डर हाती येतं. मूळ नावं गेलेली असतात, पण फोटो काढल्याची तारीख-वेळ बहुतेक फोटोंच्या आत शाबूत असते, त्यावरून क्रम लावता येतो. धबधब्यांच्या मध्येच गेल्या वर्षीचे, डिलीट केलेले गणपतीतले फोटोही डोकं वर काढतात. आणि एखादा फोटो बुचकळ्यात टाकतो: खालचा अर्धा भाग राखाडी, पण ताम्हिणीतलं धुकंही तसंच. बाइट गेले, की दरीच तशी दिसत होती? फोटो भरपूर मोठा करून बघायचा. धुक्यात शेजारशेजारचे ठिपके किंचित वेगळे असतात, कुठे १४१, कुठे १४३. हरवलेल्या भागात बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याला एकच आकडा भरतात: १२८, १२८, १२८.