संकेतस्थळामागची यंत्रणा – लेखांक १४ : बाहेर जाणाऱ्या मेलसाठी वेगळा सर्व्हर

संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरचे मुख्य काम मागेल त्याला पान देणे हे असले, तरी ज्याला एकही पत्र पाठवावे लागत नाही असे संकेतस्थळ आज क्वचितच सापडेल. पासवर्ड विसरलेल्याला नवा दुवा, खरेदी करणाऱ्याला पावती, अर्ज भरणाऱ्याला पोच आणि नव्या सभासदाला पत्त्याची खातरजमा करणारा संदेश, अशी ही पत्रे संख्येने थोडी असतात, पण त्यांतील प्रत्येकाची कोणीतरी त्याच क्षणी वाट पाहत असते. बहुतेक ठिकाणी हे काम सर्व्हरवर आयत्या मिळालेल्या सोयीवर सोपवले जाते आणि ती सोय व्यवस्थित चालली आहे असे दीर्घकाळ वाटत राहते, कारण पत्र पोहोचले नाही तर त्याची खबर संकेतस्थळाच्या चालकापर्यंत येतच नाही; ज्याला पत्र मिळाले नाही तो बहुधा तक्रार न करता निघून जातो.

या सोयीचे मूळ युनिक्सच्या जुन्या रचनेत आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा प्रोग्रॅम लिहिला आणि तो प्रत्येक युनिक्स यंत्रावर असणारच असे धरून पुढचे कित्येक प्रोग्रॅम रचले गेले. पीएचपी भाषेतील ‘मेल’ हे फंक्शन याच समजुतीवर उभे आहे. लिनक्सवर ते स्वतः कोणाशीही संपर्क साधत नाही, तर सेंडमेलला, किंवा सेंडमेलच्या नावाने हजर असलेल्या पोस्टफिक्स, एक्झिम यांसारख्या प्रोग्रॅमला बोलावून पत्र त्याच्या स्वाधीन करते, आणि त्याने ते ठेवून घेतले की संकेतस्थळाला ‘झाले’ असे उत्तर देते. हे उत्तर खोटे नसते, पण ते एका यंत्राच्या आतल्या देवाणघेवाणीपुरते असते. पत्र वाचणाऱ्यापर्यंत गेले असा त्याचा अर्थ होत नाही, हे पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही अनेक संकेतस्थळे या उत्तराच्या आधारावरच ‘आपल्याला मेल पाठवला आहे’ हे वाक्य पडद्यावर दाखवतात.

पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ज्या संवादपद्धतीने जाते ती एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडली (इंटरनेटची मानके ज्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात त्यांना आरएफसी म्हणतात) आणि २००८मधील आरएफसी ५३२१ या सुधारित आवृत्तीतही तिचा गाभा बदललेला नाही. या संवादात घेणारा सर्व्हर प्रत्येक पायरीवर तीन आकडी उत्तर देतो. संदेश पूर्ण घेतल्यावर त्याने २५० असे उत्तर दिले, की पत्र पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्यास तसे कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. उत्तराचा पहिला आकडा ५ असेल तर नकार कायमचा असतो. आणि तो ४ असेल तर ‘आत्ता नाही, नंतर या’ असा त्याचा आशय असतो. हे चाराचे उत्तर अपवादाने येते असे नाही. अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेस मुद्दाम परत पाठवून तो पुन्हा येतो का हे पाहण्याची ग्रेलिस्टिंग नावाची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते, कारण टाकाऊ मेलचा मारा करणारे प्रोग्रॅम सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. मानकाच्या शिफारशीनुसार दोन प्रयत्नांमध्ये किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि हार मानण्यापूर्वी साधारण चार ते पाच दिवस प्रयत्न चालू राहावेत. उलट पीएचपीमध्ये एका विनंतीसाठी मुळात ठरवून दिलेली कालमर्यादा ३० सेकंदांची आहे. पान देण्याचे काम क्षणांत मोजले जाते आणि पत्र पोहोचवण्याचे काम दिवसांत, म्हणून त्यासाठी रांग लागते: पत्र साठवून ठेवणारी, पुन्हापुन्हा प्रयत्न करणारी आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवणारी.

अशी रांग वेब सर्व्हरवरच्या पोस्टफिक्सकडेही असते, हे खरे. परंतु आजची बरीच संकेतस्थळे कंटेनरमध्ये, म्हणजे हवे तेव्हा उभारता आणि मोडता येणाऱ्या तात्पुरत्या आवरणात चालतात, आणि नवी आवृत्ती चढवताना जुने आवरण मोडले गेले तर त्याच्या आतली रांगही त्यासोबत नाहीशी होते. शिवाय धीर हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो पत कमावण्याचा आणि राखण्याचा.

घेणाऱ्या सर्व्हरला पत्राचा एक शब्दही दिसण्यापूर्वी एकच गोष्ट खात्रीने कळलेली असते, आणि ती म्हणजे समोरच्या यंत्राचा आयपी पत्ता. पॉल व्हिक्सी यांनी १९९७मध्ये उपद्रवी आयपी पत्त्यांची यादी डीएनएसमधून कोणालाही तपासता येईल अशा रूपात उपलब्ध केली. १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहॉस ही संस्था सुरू केली, आणि तेव्हापासून पाठवणाऱ्या यंत्राची पत पाहणे हा मेल स्वीकारण्याचा पायाच बनला. सामायिक होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदतात, आणि त्यांतील एकाच्या निष्काळजीपणे लिहिलेल्या संपर्क-अर्जातून कोणी हजारो जाहिराती पाठवल्या, तर काळ्या यादीत जाणारा पत्ता सर्वांचा असतो. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या यंत्राची स्थिती वेगळी असली तरी बरी नसते, कारण तिथला पत्ता आधी कोणाकडे होता आणि त्याने त्याचे काय केले होते, हे नव्या भाडेकरूला माहीत नसते. त्यातच अशा यंत्राची उलटी नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएसमधील पीटीआर नोंद, एक तर नसते किंवा होस्टिंग कंपनीने यंत्रवत बनवलेल्या आकड्यांच्या नावाकडे बोट दाखवते, आणि घेणारे सर्व्हर अशा नावाकडे संशयाने पाहतात.

क्लाउड कंपन्यांनी या अडचणीवर आपल्यापुरता सरळ उपाय काढला. सर्व्हरांमधील मेलची देवाणघेवाण पोर्ट २५ वरून होते (पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरील निरनिराळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारे), आणि गूगल क्लाउडवर बाहेर जाणारे हे दार बंद ठेवलेले असते, तर ॲमेझॉनच्या ईसी२ सेवेवर मुळातच त्यावर निर्बंध असतो. यामागे आणखी जुना विचार आहे. डिसेंबर १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २४७६ने पत्र ‘दाखल करणे’ आणि पत्र ‘पुढे नेणे’ ही दोन कामे प्रथमच स्वच्छपणे वेगळी केली आणि दाखल करण्यासाठी पोर्ट ५८७ राखून ठेवला. तिथे पाठवणारा आपली ओळख देतो, आणि ती पटल्यावरच त्याचे पत्र घेतले जाते. २०१८मधील आरएफसी ८३१४ने याच कामासाठी पोर्ट ४६५ सुचवला, जिथे जोडणी पहिल्या क्षणापासून सांकेतिक स्वरूपात झाकलेली असते. संकेतस्थळाने वेगळा मेल सर्व्हर वापरणे म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एवढेच, की वेब सर्व्हरने फक्त दाखल करण्याचे काम करावे, आणि पुढे नेण्याचे काम अशा यंत्राने करावे ज्याचा पत्ता स्थिर आहे, ज्याची उलटी नोंद नीट आहे आणि ज्याच्या लॉगकडे कोणी लक्ष देते. असा सर्व्हर, ज्याला जाणकार रिले किंवा स्मार्टहोस्ट म्हणतात, संस्थेचा स्वतःचा असू शकतो किंवा भाड्याच्या सेवेचा.

मात्र सर्व्हर बदलला की ओळखीचा प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. प्रत्येक मेलला दोन प्रेषक असतात: एसएमटीपीच्या संवादात सांगितला जाणारा, पाकिटावरचा, आणि वाचणाऱ्याला ‘फ्रॉम’ ओळीत दिसणारा, पत्राच्या आतला. कोणत्या यंत्रांना डोमेनच्या नावाने पाठवण्याची मुभा आहे हे सांगणारी एसपीएफ नोंद (मानक आरएफसी ७२०८, २०१४) केवळ पाकिटावरचा पत्ता तपासते. डीकेआयएम (आरएफसी ६३७६, २०११) पत्रावर गणिती सही करते, आणि त्या सहीची खातरजमा करण्याची किल्ली डीएनएसमध्ये जाहीर असते. डीमार्क (आरएफसी ७४८९, २०१५) या दोहोंच्या वर बसून विचारते, की जे डोमेन पडताळले गेले ते आणि वाचणाऱ्याला दिसते ते एकच आहे का. भाड्याची सेवा घेतल्यावर पाकिटावर पुष्कळदा सेवेचेच डोमेन येते. त्यामुळे एसपीएफची परीक्षा उत्तीर्ण होते, पण ती सेवेच्या नावाने, आणि डीमार्कच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य असतो. अशा वेळी पत्रावर स्वतःच्या डोमेनची डीकेआयएम सही असणे हाच आधार उरतो, म्हणून सेवा सुरू करताना तिने दिलेल्या किल्लीच्या नोंदी डीएनएसमध्ये घालणे टाळून चालत नाही. जुन्या एसपीएफ नोंदीत एकामागून एक सेवा जोडत जाण्याच्या सवयीलाही मर्यादा आहे: तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागले, तर मानकानुसार तपासणीच निकामी ठरते.

संपर्क-अर्जाच्या बाबतीत एक जुनी पद्धत अजून टिकून आहे, ती सोडून द्यायला हवी. अर्ज भरणाऱ्याने दिलेला पत्ताच ‘फ्रॉम’ ओळीत घालून संकेतस्थळ स्वतःलाच पत्र पाठवते, म्हणजे चालकाला थेट उत्तर देता येते. एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे सर्वांत कडक धोरण जाहीर केले, आणि याहूचा पत्ता वापरून तिऱ्हाईत यंत्राने पाठवलेली पत्रे ठिकठिकाणी नाकारली जाऊ लागली. ‘फ्रॉम’मध्ये संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये अर्जदाराचा पत्ता, ही योग्य मांडणी आहे, तिच्यात उत्तर देण्याची सोय तशीच राहते.

मराठी संकेतस्थळांना आणखी एका गोष्टीची झळ बसते. मेलचे शीर्षभाग मुळात केवळ इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले असल्याने देवनागरी विषय-ओळ आरएफसी २०४७मधील रीतीने सांकेतिक तुकड्यांत बसवावी लागते. एक तुकडा फार तर ७५ चिन्हांचा असतो, आणि बेस६४ या रूपात त्यात ४५ बाइट मावतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारांसह, तीन बाइट घेते. ‘आपली दिवाळी अंकाची मागणी नोंदवली आहे’ ही ओळ ९८ बाइटची, म्हणजे तीन तुकड्यांची होते, आणि तिचे आंधळेपणाने ४५ बाइटवर तुकडे केले तर पहिलीच कात्री ‘अंकाची’मधल्या ‘च’च्या पोटातून जाते, आणि वाचणाऱ्याला तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. मजकुराची एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू नये हा नियमही मराठीला लवकर आडवा येतो, कारण एवढ्या जागेत ३३२ चिन्हेच बसतात. लांब परिच्छेद तसाच पाठवला तर वाटेतला एखादा सर्व्हर तो मध्येच तोडू शकतो, आणि मजकूर बदलल्यामुळे डीकेआयएमची सही मोडते. ही दक्षता सर्व्हरने नव्हे, पत्र रचणाऱ्या प्रोग्रॅमने घ्यायची असते. परंतु वेगळ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी पीएचपीमेलरसारखे ग्रंथालय वापरावेच लागते आणि ते ही दक्षता घेते, तर ‘मेल’ फंक्शनला विषय-ओळ जशीच्या तशी दिली जाते. पीएचपीमेलर वर्डप्रेसमध्ये आधीपासून असते. त्याला एसएमटीपी सर्व्हर, पोर्ट आणि ओळख एवढेच पुरवावे लागते.

स्वतःचा रिले चालवावा की सेवा घ्यावी, याविषयी स्पष्ट मत देणे शक्य आहे. ज्या संस्थेत मेलचे लॉग रोज पाहणारी व्यक्ती नाही, तिने स्वतःचा रिले उभारू नये. पोस्टफिक्स बसवणे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण नव्या पत्त्याची पत हळूहळू, थोडी थोडी पत्रे पाठवतच वाढवावी लागते, आणि ती एका रात्रीत बुडू शकते. ॲमेझॉनच्या एसईएससारख्या सेवाही हा धोका जाणून नव्या ग्राहकाला प्रथम बंदिस्त चाचणी-अवस्थेत ठेवतात, जिथे २४ तासांत २०० पत्रे आणि तीही पडताळलेल्याच पत्त्यांवर पाठवता येतात. सेवा घेतली तरी तिचा पासवर्ड संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये राहता कामा नये, त्या ओळखीला पाठवण्याखेरीज दुसरा अधिकार नसावा, आणि वेब सर्व्हरचे बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद करावे, म्हणजे उद्या संकेतस्थळात कोणी शिरलेच तरी त्याला एकाच, नोंद ठेवणाऱ्या दारातून जावे लागेल.

पावत्या आणि पासवर्डची पत्रे ज्या वाटेने जातात, तिच्यावरून जाहिराती आणि वार्तापत्रे पाठवू नयेत. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी लागू केलेल्या नियमांनुसार तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावे लागते, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. वार्तापत्राला कंटाळलेल्या वाचकाने ‘स्पॅम’चे बटण दाबले, तर त्याची शिक्षा दुसऱ्या कोणाच्या पासवर्डच्या पत्राला होऊ नये, त्यासाठी वार्तापत्राला वेगळे उपडोमेन आणि शक्य तर वेगळा आयपी पत्ता द्यावा.

वेगळ्या सर्व्हरचा सर्वांत मोठा लाभ मात्र परत येणाऱ्या उत्तरांत आहे, आणि तोच सर्वांत कमी घेतला जातो. न पोहोचलेल्या पत्राची सूचना पाकिटावरच्या पत्त्याकडे परत येते. आयत्या सोयीत तो पत्ता बहुधा वेब सर्व्हरवरच्या एखाद्या अंतर्गत खात्याचा असतो, जिथे कोणीही फिरकत नाही. सेवा किंवा नीट मांडलेला रिले हीच सूचना संकेतस्थळाला प्रोग्रॅममधून वाचता येईल अशा रूपात देतो. पत्ता अस्तित्वात नसल्याचे पाचाचे उत्तर आले, तर संकेतस्थळाने त्या खात्यापुढे तशी खूण करावी, त्या पत्त्यावर पुन्हा पत्र पाठवू नये, आणि तो सभासद पुढच्या वेळी आत येईल तेव्हा त्याला नवा पत्ता विचारावा.