रिमोटचा दोष नाही, साहेब

अलार्मची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "रेंज येत नाही, जरा पॉवरवाला रिमोट द्या." नाना पेठेत गाड्यांच्या ॲक्सेसरीचं काम केलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. एक तर रेंज दुप्पट करायची तर अगदी मोकळ्या मैदानातसुद्धा ताकद चौपट लागते. आणि दुसरं म्हणजे, घोळ बहुतेक वेळा रिमोटमध्ये नसतोच. तो डॅशबोर्डच्या आत असतो, आणि आमच्याच एखाद्या भाऊबंदाने करून ठेवलेला असतो.

अलार्मच्या डब्यातून एक बारीक वायर नुसतीच लोंबत असते, कुठेही न जोडलेली. नव्या पोराला ती खटकते. फिटिंग देखणं दिसावं म्हणून तो तिची गुंडाळी करतो आणि बाकीच्या वायरिंगबरोबर काळ्या टेपने करकचून आवळतो. एखादा तर 'फालतू आहे' म्हणून छाटूनही टाकतो. तीच अँटेना! आपल्याकडे असे बरेच रिमोट 433.92 मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी साधारण 69 सेंटिमीटर, तिचा पाव हिस्सा म्हणजे सव्वासतरा. तेवढी तार सरळ, मोकळी आणि पत्र्यापासून लांब राहिली की बस.

कोथरूडच्या एका काकांची गाडी चौथ्या मजल्यावरून लॉक होत नव्हती. दोन-तीन कंपन्यांचे सेल घालून झाले होते. आमच्या वस्तादांनी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, ब्लेडने टेप कापली, ती वायर ओढून वर नेली आणि पुढच्या काचेलगतच्या प्लॅस्टिकमागे सरळ चिकटवली. संध्याकाळी काकांचा बाल्कनीतून फोन. "ऐका हं!" आणि मागे पीं पीं.

ही गोष्ट ऐकून इंजिनिअरिंगच्या एका पोराने स्वतःच दीड मीटर वायर सोल्डर केली. जितकी लांब तितकी बरी, असा हिशेब. होती ती रेंजही गेली. अँटेना मापाची लागते, लांबीचा हट्ट इथे चालत नाही.

कधी कधी तर वायर ठाकठीक, सेल नवा, आणि तरी गाडीला हात लावेपर्यंत लॉक उघडत नाही. अशा वेळी वस्ताद काही न बोलता सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइलचा स्वस्त चार्जर उपसून खिशात टाकायचे. काही गाड्यांत चावी काढली तरी त्या सॉकेटला करंट असतो. चार्जर आतल्या आत रेडिओचा कचरा ओकत राहतो आणि स्वस्तातल्या रिसीव्हरला त्या गोंगाटात रिमोटची हाक ऐकू येत नाही. डॅशकॅमचंही तेच.

एक किस्सा उलटा. 27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली. पोलीस चौकाचौकात गाड्या अडवून फिल्म काढायला लावायचे. त्या दिवसांत एक गृहस्थ दुकानात आले, आधी दंडाबद्दल मनसोक्त बोलले आणि मग म्हणाले, "पण काय हो, रिमोट अचानक लांबून कसा लागायला लागला?" त्यांची फिल्म भारीतली, धातूचा मुलामा असलेली. ऊन अडवता अडवता ती रिमोटलाही अडवत होती. दंडाची पावती वसूल झाली म्हणायची!

आणि ती हनुवटीची युक्ती. रिमोट हनुवटीला टेकवून बटण दाबलं की रेंज बरीच वाढते. डोक्यातल्या पाण्यामुळे अख्खं मस्तकच अँटेनाचं काम करतं. 'टॉप गिअर'मध्ये जेरेमी क्लार्कसनने हे करून दाखवलं होतं. आमच्याकडची गिऱ्हाइकं आधी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहायची आणि मग हळूच रिमोट वर न्यायची. युक्ती फुकटची असल्यामुळे वस्ताद ती बिल फाडून झाल्यावरच सांगायचे.