ताग स्वच्छ करणारे सूक्ष्मजीव

अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजत घालून त्यांचा वाख काढण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. साल कुजते, पण धागा शाबूत राहतो. ही निवड पाणी करीत नाही. पाण्यातील सूक्ष्मजीव करतात. कोलकात्याच्या परिसरातील एक मोठा उद्योग याच क्रियेवर उभा राहिला. हुगळीकाठी रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली आणि बंगालचा ताग धान्याची पोती होऊन जगभर गेला.

तागाच्या सालीतील धागे पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने परस्परांशी जखडलेले असतात. हेच द्रव्य जेलीला घट्टपणा आणते, फळांचा रस गढूळ ठेवते आणि कॉफीच्या बियांवर बुळबुळीत लेप होऊन बसते. काही बुरशी व जीवाणू पेक्टिनेज हे विकर निर्माण करून त्याचे विघटन करतात. म्हणूनच रस नितळ करण्यास व कॉफीचे बी स्वच्छ करण्यास जे विकर उपयोगी पडते, तेच तागाच्याही कामी येते.

अडचण आहे ती वेळ साधण्याची. तागाच्या मोळ्या पाण्यात साधारणतः १५ ते २० दिवस बुडवून ठेवतात. त्या लवकर काढल्या तर बुडख्याशी साल चिकटून राहते. उशीर झाला तर काही जीवाणू धाग्यातील सेल्युलोजही खाऊ लागतात आणि ताग दुबळा होतो. मोळ्या बुडवण्यासाठी चिखल वा केळीचे खुंट वापरले, तर धागा काळवंडतो. दर्जा उतरला की भाव उतरतो. चार महिन्यांच्या कष्टांचे मोल असे शेवटच्या पंधरवड्यात ठरते.

बराकपूर येथील केंद्रीय ताग संशोधन संस्थेने यावर 'क्रिजाफ सोना' ही भुकटी तयार केली. तीत 'बॅसिलस प्युमिलस' या जीवाणूचे तीन वाण आहेत. ते पेक्टिन तोडतात, सेल्युलोजला मात्र धक्का लावीत नाहीत. मोळ्यांच्या थरांवर ही भुकटी टाकली असता कुजण्याचा काळ सहा-सात दिवसांनी घटतो आणि धागा उजळ निघतो.

तथापि विकराचे काम नेमके असते, म्हणूनच ते मर्यादितही असते. गिरणीत ताग मऊ करण्यासाठी खनिज तेल वापरले, तर त्याचा अंश पोत्यातील अन्नात उतरू शकतो. तो दोष पेक्टिनेज दूर करीत नाही. त्यासाठी १९९८ साली अन्नाच्या पोत्यांचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि वनस्पतिजन्य तेलाचा मार्ग पुढे आला. पाऊस लांबून डबकी आटली, तर तेथेही जीवाणूंचा इलाज नाही. शेतकऱ्याचे दिवस ते वाचवतात; पाणी मात्र त्यालाच राखावे लागते.