मार्ग शोधणारे साधन आणि त्याचे विवरणपत्र

जबलपूर शहराच्या कांचघर भागात राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाला आगगाडीने नागपूरला जावयाचे आहे, अशी कल्पना करू. त्याच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक इटारसीवरून जातो. त्याची लांबी सुमारे ५४५ किलोमीटर आहे. दुसरा नैनपूर, बालाघाट व गोंदिया यांवरून जातो. तो सुमारे ३६० किलोमीटरचा आहे. यांपैकी सर्वांत जवळचा कोणता, असे विचारले तर उत्तर उघड वाटते. परंतु ते तितकेसे उघड नाही, हे पुढे दिसून येईल.

एका कागदावर ही सहा स्थानके सहा बिंदूंनी दाखवावीत आणि लोहमार्गाने जोडलेले लगतचे बिंदू रेषांनी सांधावेत. गणितात अशा आकृतीला आलेख म्हणतात. त्यातील रेषांना कडा म्हणतात व प्रत्येक कडेवर लिहिलेल्या संख्येला तिचा भार म्हणतात. आपल्या आकृतीत हा भार म्हणजे किलोमीटरमधील अंतर होय. आलेखांच्या अभ्यासाचा उगम ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या सुमारास सोडविलेल्या क्योनिग्सबर्ग येथील सात पुलांच्या कोड्यात मानला जातो.

कमीत कमी भाराचा मार्ग शोधण्याची एक सुबोध रीत डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये योजिली व १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभबिंदूपासून सर्वांत जवळचा बिंदू प्रथम निश्चित करावयाचा, मग त्याच्या पुढचे बिंदू तपासावयाचे, असा तिचा क्रम आहे. जबलपूरपासून नैनपूर सुमारे ११० किलोमीटरवर निश्चित होते. नंतर बालाघाट १८५ वर व गोंदिया २३० वर. त्यानंतर २४५ किलोमीटरवरील इटारसीची पाळी येते आणि शेवटी गोंदियावरून नागपूर ३६० वर ठरते. इटारसीवरून येणारी ५४५ ही संख्या त्याहून मोठी असल्याने सोडून दिली जाते. एकही भार ऋण नसावा, एवढीच या रीतीची अट आहे.

आता समजा, साधनाने किलोमीटर न मोजता केवळ कडा मोजल्या. मग इटारसीचा मार्ग दोन कडांचा आणि गोंदियाचा चार कडांचा ठरतो, व उत्तर उलटते. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबरच आहेत. चूक होते ती 'सर्वांत जवळचा' या शब्दाचा अर्थ सांगितलेला नसतो तेव्हा.

यंत्राने स्वतः मार्ग शोधावा ही कल्पना जुनी आहे. शेकी नावाच्या फिरत्या यंत्रमानवावर अमेरिकेत काम करणाऱ्या हार्ट, निल्सन व राफेल यांनी १९६८ मध्ये मार्गशोधनाची एक प्रसिद्ध रीत मांडली. आजचे एजंट मात्र निराळ्या प्रकारे काम करतात. एजंट म्हणजे भाषा जाणणारी संगणकीय प्रणाली. दिलेले काम पुरे करण्यासाठी ती निरनिराळी साधने वापरते. साधनाची अंतर्गत रचना सहसा तिच्यापुढे नसते. तिला मिळते ते साधनाचे नाव, त्यास काय पुरवावे याची यादी आणि चार ओळींचे विवरण. रेल्वेचे वेळापत्रक न समजलेला प्रवासी चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारू शकतो. एजंटला बहुधा अशी खिडकी नसते. विवरणात जे लिहिलेले नसते, ते तो तर्काने भरून काढतो आणि तितक्याच विश्वासाने आपल्याला सांगतो.

म्हणून विवरणपत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. पहिली, भार कशाचा आहे: अंतराचा, वेळेचा की भाड्याचा, आणि तो न दिल्यास साधन काय गृहीत धरते. दुसरी, नावे कशी द्यावयाची. रेल्वेच्या संकेतांत गोंदियासाठी 'जी' हे एकच अक्षर आहे. जबलपूरचे नाव जुन्या इंग्रजी कागदपत्रांत निराळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. आणि मदनमहाल हे त्याच शहरातील वेगळे स्थानक आहे.

तिसरी गोष्ट अपयशाची. 'या दोन बिंदूंमध्ये मार्ग नाही' आणि 'हे नाव आलेखात नाही' ही दोन अगदी भिन्न उत्तरे आहेत. दोन्ही प्रसंगी साधनाने नुसती रिकामी यादी दिली, तर केवळ नाव चुकल्यामुळे एजंट कांचघरच्या प्रवाशास सांगेल की गोंदियाला लोहमार्गच जात नाही.

चौथी गोष्ट आलेखाच्या तारखेची. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे अलाहाबादकडील लोहमार्गास मिळाला आणि मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग तयार झाला. एका नव्या जोडणीने देशाचा आलेख बदलला. उलट, जबलपूर-बालाघाट नॅरोगेज मार्ग रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद झाला, तेव्हा काही वर्षांपुरत्या आपल्या आकृतीतील कडा नाहीशा झाल्या. त्या काळात जुन्या आलेखावर चालणारे साधन अचूक गणित करूनही प्रवाशाला बंद मार्गावर पाठविणार होते.

विवरणपत्र पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. साधन कधीही न पाहिलेल्या मनुष्याच्या हाती ते द्यावे आणि नागपूरचा मार्ग काढावयास सांगावे. तो जेथे थांबून प्रश्न विचारील, तेथे एक वाक्य कमी आहे असे समजावे. एजंट तेथे थांबेलच अशी खात्री नसते. म्हणूनच ते वाक्य आधी लिहून ठेवणे अगत्याचे आहे.