सांगितलेलं ऐकणारा स्विच
नेटवर्कचा साधा स्विच केबल खोचली की चालतो, पण त्याला काही सांगता येत नाही. मॅनेज्ड स्विचला सांगता येतं. हिशेब विभाग, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वाय-फाय एकाच डब्यात वेगळं ठेवायचं, तर त्यासाठी व्हीलॅन: ८०२.१क्यू मानकात असे ४०९४ कप्पे पाडता येतात. कुणी चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली, तर डेटा गोल गोल फिरत राहतो आणि अख्खं ऑफिस ठप्प. यावरचा उतारा, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला: जादा वाट स्विच स्वतःच बंद ठेवतो, मुख्य तुटली की उघडतो. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज, असेल तर अडकलेला कॅमेरा खुर्चीवरून न उठता बंद-चालू करता येतो (शिडी वाचते!). स्विचचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.