जाण्याआधी परतीचा विचार

भारतात जायचं ठरलं की अमेरिकेतल्या आमच्या घरात तिकिटांच्या आधी पासपोर्ट बाहेर निघतात. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, दाखल आहे, पण कार्ड हातात नाही. या काळात ॲडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देश सोडला, तर एरवी अर्जच सोडून दिला असं धरतात. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट आहे. त्याच व्हिसावर, त्याच कंपनीच्या नोकरीवर परत आलं की अर्ज शाबूत राहतो.

नवखी मंडळी गडबडतात ती इथे. मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद, आय-७९७, आला की त्यांना वाटतं, झालं काम. तो कागद इथे राहायला पुरतो. परत आत यायला पासपोर्टात चालू व्हिसा हवा. म्हणजे व्हिसाचं स्टॅम्पिंग आलं, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत. मोबाईल बाहेर, हातात फक्त फाईल. काचेपलीकडून प्रश्न येतात: कंपनी कोणती, काम काय, पगार किती. कुणाचा पासपोर्ट लगेच ठेवून घेतात, कुणाला २२१(जी)ची, म्हणजे निर्णय लांबल्याची, चिठ्ठी मिळते. मग परतीचं तिकीट पुढे ढकला, मॅनेजरला कळवा, मुलांची शाळा बुडवा. आईवडिलांना चार दिवस जास्त मिळतात खरे, पण त्यांचाही जीव टांगणीला लागलेला असतो.

परत उतरल्यावर मी सामान येईपर्यंत फोनवर आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, उघडतो. इथे किती दिवस राहता येईल ते त्यावरची तारीख ठरवते, व्हिसावरची नव्हे. पासपोर्ट लवकर संपत असेल, तर आय-७९७वर पुढची तारीख असूनही पुष्कळदा पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच मुदत देतात. ती नजरेतून सुटली तर इथलं राहणं नकळत बेकायदा होऊ शकतं. म्हणून निघण्याआधीच पासपोर्ट नवा करून घ्यावा.

आणि एच-१बी असला तरी परोलही काढून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. आपण भारतात असताना नोकरी गेली, तर पासपोर्टातला व्हिसा कामाचा राहत नाही. मंजूर परोल असेल तर परत येता येतं, आणि आय-४८५ला १८० दिवस होऊन गेले असतील तर तशाच कामाच्या दुसऱ्या नोकरीवर तोच अर्ज पुढे नेता येतो. मात्र परोल मंजूर होईपर्यंत थांबावं. त्याआधी विमानात बसलं की परोलचा अर्ज बाद होतो.