डाराटुमुमॅब : एका प्रतिपिंडाची परीक्षा

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग असून, संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या याच पेशी या आजारात बेसुमार वाढतात आणि एकाच साच्याचे निरुपयोगी प्रतिपिंड, म्हणजेच एम प्रथिन, रक्तात सोडत राहतात. या प्रथिनाचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले, तर रुग्णाने उपचाराला प्रतिसाद दिला असे मानले जाते.

डेन्मार्कच्या जेनमॅब कंपनीने विकसित केलेले डाराटुमुमॅब हे प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंड प्लाझ्मा पेशींवर दाटीने असणाऱ्या सीडी-38 या प्रथिनाला चिकटते आणि रोगप्रतिकारक यंत्रणेकडून त्या पेशींचा नाश घडवून आणते. माणसांवरील पहिल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याची मात्रा वजनाच्या दर किलोमागे 0.005 मिलिग्रॅमपासून 24 मिलिग्रॅमपर्यंत पायरीपायरीने वाढवली गेली. पुढच्या भागात 8 मिलिग्रॅम घेणाऱ्या 30 जणांपैकी 10 टक्के, तर 16 मिलिग्रॅम घेणाऱ्या 42 जणांपैकी 36 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. आधीचे अनेक उपचार निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांत, सोबत दुसरे औषध नसताना मिळालेले हे यश मोलाचेच होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेने औषधाला मान्यता दिली.

मात्र प्रतिसादाच्या टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे असते. बेलान्टामॅब मॅफोडोटिन या दुसऱ्या प्रतिपिंडाला 2020 मध्ये अशाच आधारावर मान्यता मिळाली, पण प्रचलित उपचाराशी थेट तुलना करणाऱ्या चाचणीत ते सरस ठरले नाही आणि अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. डाराटुमुमॅब मात्र या कसोटीला उतरले : 2016 च्या कॅस्टर चाचणीत प्रचलित उपचाराला ते जोडलेल्या गटात वर्षभरानंतर 60.7 टक्के रुग्णांचा आजार बळावला नव्हता, ते न जोडलेल्या गटात 26.9 टक्के रुग्णांचा.

खरी गुंतागुंत मोजमापाची होती. डाराटुमुमॅब स्वतःच प्रतिपिंड असल्याने रक्ततपासणीत ते एम प्रथिनासारखे दिसू शकते आणि आजार पूर्ण हटलेल्या रुग्णातही शिल्लक असल्याचा भास होतो. म्हणून दोन्ही वेगळे ओळखणारी तपासणी तयार करावी लागली. शिवाय तांबड्या पेशींवरही थोडे सीडी-38 असते, त्यामुळे रक्त चढवण्यापूर्वीची जुळणी चाचणी बिघडते, आणि डायथायोथ्रिटॉल या रसायनाने तपासणीतील पेशींवर प्रक्रिया केल्यावर तिचा खरा निकाल मिळतो. म्हणून हे औषध सुरू होण्याआधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्यावी, आणि रक्त चढवण्याची वेळ आल्यास रुग्णाने किंवा नातेवाइकांनी औषधाचे नाव रक्तपेढीला आवर्जून सांगावे.